पावणा कुठल्या गावचा?

माझी बायको वकील आणि मी टायपिस्ट. घरी ती बोलते आणि मी ऐकतो. कोर्टाच्या आवारात ती बोलते आणि मी टाइप करतो. तिथं निदान परिच्छेद पाडायची तरी मला मुभा असते.

कोल्हापूरच्या कोर्टाच्या भिंतीला लागून पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल. १९९७ साली दिवाळीची सुट्टी संपून कोर्ट उघडलं त्या आठवड्यात एक नवी वकीलबाई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. काळा कोट मापाला दोन बोटं मोठा, कपाळाला घाम, कारण उचगावातनं सायकल मारत आलेली. हातात स्वतः लिहिलेला अर्ज. उद्यमनगरातल्या एका फिटरची चार बोटं प्रेसखाली गेली होती, त्याच्या भरपाईचा. मी कागद घालून सुरुवात केली आणि तिसऱ्याच ओळीला थांबलो. ओळ होती, 'अर्जदाराच्या शर्टाची बटणे आता त्याची आई लावते.'

"वकीलबाई, असलं अर्जात लिहीत नसतात," मी म्हणालो. दहा वर्षं त्या टेबलावर बसून मला वाटायला लागलं होतं की निम्मा कायदा माझ्या बोटांत आहे.

"तुम्ही टाइप करा. सल्ला मागितला की द्या," ती म्हणाली.

मी निमूटपणे टाइप केलं. तो अर्ज ती जिंकली. पुढच्या दोन वर्षांत मी सल्ला न देता तिचे चाळीसेक अर्ज टाइप केले आणि एकेचाळिसाव्या वेळी कागदाऐवजी लग्नाचं विचारलं. तिनं आधी माझ्या टंकलेखनातल्या तीन चुका दाखवल्या, मग हो म्हणाली. उचगावच्या बुद्धविहारात आमचं लग्न झालं. मी दीक्षा भाऊसो शिंगे या बाईचा नवरा झालो आणि कोर्टातली तिची ओळख मात्र आधीच ठरून गेली होती. सगळे तिला बटणवाल्या बाई म्हणायचे.

म्हणायचे कारण तिची पद्धतच तशी होती. शाहूपुरीत एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत तिचं ऑफिस. समोर जखमी माणूस आला, की कारखाना कुठला, मालक कोण, हे ती नंतर विचारायची. पहिला प्रश्न त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला, "सकाळी ह्यांच्या शर्टाची बटणं कोण लावतं?" बायको लावत असेल तर ती हमखास रडायची, आई असेल तर सांगायला लागायची, आणि भाऊ असेल तर इकडंतिकडं बघायचा. घरात नेमकं काय मोडलंय हे दीक्षाला तेवढ्यात कळायचं. विरुद्ध बाजूचे वकील हसायचे. मीही सुरुवातीला हसलो, खोटं कशाला सांगू. लग्नानंतर पहिल्यांदा उचगावच्या घरी मुक्कामाला राहिलो तेव्हा माझं हसू थांबलं.

सकाळी सात वाजता माझे सासरे भाऊसो दारातल्या सोप्यात उभे. उजवा हात कोपरापासून नाही. माझ्या सासूबाई, आक्काताई, कामावर निघायच्या आधी त्यांच्यापुढं उभ्या राहून खालनं वर एकेक बटण लावत होत्या. सासरे हनुवटी वर करून छताकडं बघत होते. शेवटचं बटण लागलं, तशी आक्काताईंनी त्यांच्या छातीवर हलकेच थाप मारली आणि डबा घेऊन शिरोलीच्या फाउंड्रीत वाळूचे साचे करायला निघून गेल्या.

"चौथीपासून मी हेच बघत आलेय," दीक्षा म्हणाली.

१९८१ साली भाऊसो पन्हाळ्याच्या पायथ्याला एका गुऱ्हाळावर होते. चरकात ऊस घालायचं काम. एका दुपारी उसाबरोबर हात आत गेला. मालक माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात नेलं, उशाशी बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "भाऊसो, पोलिस येतील. तू कामावर हुतास म्हणालास तर माझं गुऱ्हाळ बंद पडंल, वीस माणसं घरी बसतील. म्हण की, पावणा म्हणून रस प्यायला आलतो. हुपरीच्या माझ्या मेव्हण्याचा पावणा. तुला जन्मभर मी सांभाळतो."

आमच्याकडच्या माणसाला असं कोणी पोटाशी धरून सांगितलं की नाही म्हणता येत नाही. भाऊसोंनी तसाच जबाब दिला. मालकानं शब्द पाळलाही, दोन वर्षं. मग तो वारला आणि भाऊसो त्याच्या पोरांकडं गेले. थोरला म्हणाला, "तुमी तर आमच्यात पावणं म्हणून आलता. कागदावर तसंच हाय की."

त्या दिवसापासून भाऊसोंनी गूळ खाल्ला नाही. चहात साखर, पोळीबरोबर साखर, सणाला गुळाची पोळी झाली तर ते भाकरी खायचे. आणि दीक्षानं सहावीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं, मी वकील होणार. ती वही मी पाहिली आहे. शुद्धलेखनाच्या चुका बघता ती वकील होईल असं वाटत नव्हतं, पण झाली.

२००३ च्या फेब्रुवारीत शाहूपुरीच्या ऑफिसात एक जोडपं आलं. शिवानंद आणि मल्लव्वा, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या गावचे. दोघं घरात कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी. शिवानंदचं वय चोवीस आणि उजवा हात कोपरापासून नाही. गुऱ्हाळ, चरक, ऊस. मी टाइप करायचा कागद हातात तसाच धरून बसलो. दीक्षानं नेहमीचा प्रश्न विचारला.

"मीच लावते की, अक्का," मल्लव्वा म्हणाली. "पर ह्ये लावून घेत न्हाईत. टी शर्ट घालून बसत्यात. मला म्हणत्यात, तू माहेरी जा."

शिवानंद खाली बघत होता. दीक्षा आत फाइल आणायला गेली तेव्हा तो मला हळूच म्हणाला, "साहेब, तिचं भाऊ दोनदा न्यायला आलं. केस हरली की मीच तिला घालवणार हाय. एकवीस वर्सांची हाय ओ ती. माझ्यासंगं काय करंल?" मी साहेब नाही, हे त्याला सांगायलाही मी विसरलो.

कागदोपत्री हातात काहीच नव्हतं. गुऱ्हाळावर हजेरीपट नसतो. बरोबरचे गडी सगळे मालकाच्या गावचे, कोणी साक्षीला यायला तयार नाही. मालकाचं नाव बाळासो. पांढरी टोपी, कानात अत्तराचा फाया, चार गावांत मान. कामगार न्यायालयात त्याच्या वकिलानं कैफियत दाखल केली, ती मी दीक्षाला वाचून दाखवत होतो. 'सदर अर्जदार हा सामनेवाल्याचा कामगार नसून, रस पिण्यास आलेला अनोळखी पाहुणा होता. त्याचे नाव गाव सामनेवाल्यास माहीत नाही. त्याने स्वतःच्या निष्काळजीपणाने चालू चरकात हात घातला.'

दीक्षानं कागद माझ्या हातातनं ओढून घेतला. दोनदा वाचला आणि टेबलावर डोकं टेकून रडली. सहा वर्षांत माझ्यासमोर ती पहिल्यांदा रडत होती. मला एवढा संताप आला की मी बाळासोला फोन लावायला निघालो होतो. काय बोलणार होतो देव जाणे. तिनंच मला खाली बसवलं.

"बावीस वर्षांत ह्यांना नवीन खोटंसुद्धा सुचलं नाही," ती नाक पुसत म्हणाली.

शिवानंदची साक्ष झाली. त्याच्या शब्दापलीकडं पुरावा नव्हता आणि विरुद्ध वकिलानं त्याला पार गोंधळवून टाकलं. आता राहिली होती फक्त बाळासोची उलटतपासणी. तिच्या आदल्या रविवारी आम्ही उचगावला गेलो. दीक्षा भडंगाची वाटी पुढ्यात घेऊन नुसती बसली होती. कैफियत तिनं आजवर वडिलांना दाखवली नव्हती. कशाला जुनं उकरायचं म्हणून. त्या दिवशी त्यांनी स्वतःच ती पिशवीतनं काढली आणि चष्मा लावून, बोट फिरवत वाचली. मी त्यांच्या बोटाकडं बघत होतो.

"ह्येला खोटं बी धड बोलता येत न्हाय," भाऊसो म्हणाले.

"म्हणजे?" दीक्षानं विचारलं.

"आगं, माझ्या मालकानं मला सगळं पढवलं हुतं. कुणाचा पावणा, कुठल्या गावचा, सगळं. कारण त्याला ठावं हुतं, गुऱ्हाळावर पावण्याला गाव इचारल्याबिगर कोण रसाचा पेला देत न्हाय. ह्यो म्हणतोय, नाव गाव म्हाईत न्हाय. आसं कुठं आसतंय व्हय? त्येला एवढंच इचार, पावणा कुठल्या गावचा?"

दीक्षानं वाटी बाजूला सरकवली. बापाकडं बघत राहिली. ते खोटं बावीस वर्षं त्यांच्या छातीवर होतं. लेकीच्या कामाला येईल म्हणून ते त्यांनी तिच्यापुढं उलगडून ठेवलं. मी उगाच भडंगात शेंगदाणे शोधत बसलो.

तारखेच्या दिवशी सकाळी भाऊसो म्हणाले, मीपण येणार. रिक्षा दारात उभी, आक्काताई परसात नळावर भांडी घासत होत्या. त्यांना हाक मारायला वेळ नव्हता. भाऊसोंनी भिंतीकडं तोंड केलं आणि डाव्या हाताच्या तीन बोटांनी भराभर सगळी बटणं लावली. माझ्यापेक्षा लवकर. मागं वळले तर आक्काताई दारात उभ्या, हाताला राख.

"कवापासनं येतंय ह्ये तुमास्नी?"

"हात गेल्यावर सा म्हैन्यात आलं," भाऊसो कसनुसे होत म्हणाले.

"मग एवढी वर्सं माझ्याकडनं...?"

"तू दिसभर कामावर. सकाळचं तेवढंच एक मिनिट थांबतीस माझ्याम्होरं."

आक्काताई लाजल्या की चिडल्या, मला अजून सांगता येत नाही. "म्हातारा नुसता चालू हाय," एवढं बोलून त्या भांड्यांकडं वळल्या, आणि मग तशाच परत येऊन, राखेच्या हातानं, त्यांचं वरचं बटण एकदा काढून पुन्हा लावलं. दीक्षा रिक्षात बसून हे सगळं बघत होती.

बाळासो पिंजऱ्यात उभा राहिला तो लग्नाच्या मांडवात उभा राहावा तसा. दीक्षा उठली आणि एकदम गोड बोलायला लागली. मी नवरा आहे, तिचा गोड आवाज कधी निघतो ते मला माहीत आहे. मी मागच्या बाकावर सावरून बसलो.

"बाळासो, तुमच्या गुऱ्हाळावर पाहुणे फार येतात म्हणे?"

"फार म्हंजे? पंचक्रोशीत आसं गुऱ्हाळ न्हाय, बाई. रस्त्यानं जाणारा रस न पिता गेला तर मी हाक मारून माघारी बोलावतो."

"आत आला की आधी काय करता?"

"पयलं बसायला पोतं टाकायचं. मग इचारायचं, पावणं कुठल्या गावचं, कुणाकडं आलाय."

"आणि न विचारताच रस दिला असं कधी होतं?"

बाळासो हसला. न्यायाधीश साहेबांकडं बघून म्हणाला, "आवो, नाव गाव न इचारता रस द्यायला ती काय पाणपोई हाय?" दोन वकील हसले. साहेबही किंचित.

"रस घ्यायला पाहुण्याला उठून चरकाजवळ जावं लागतं का?"

"छ्या! गडी तांब्या पेला घेऊन हातात आणून देतो. पावण्यानं जागचं हलायचं न्हाय. चरकाकडं तर आमी कुणाला फिरकू देत न्हाय. जोखमीचं काम हाय त्ये."

"हे सगळ्या पाहुण्यांना? गरीब, ओळखीचा नसलेला, कोणीही?"

"समद्यास्नी. बाच्या येळंपासनं आमच्यात ही रीत हाय."

दीक्षानं शिवानंदला उभं राहायला सांगितलं. तो उठला. रिकामी बाही लोंबत होती.

"मग हा पावणा कुठल्या गावचा?"

बाळासोनं टोपी सारखी केली. त्याचा वकील हरकत घ्यायला उठला, साहेबांनी हातानंच त्याला बसवलं. दीक्षानं कैफियतीचा कागद वर धरला.

"इथं तुम्ही सही करून लिहून दिलंय, नाव गाव माहीत नाही. म्हणजे तुम्ही त्याला विचारलं नाही. पोतं टाकलं होतं? रस कोणी आणून दिला, त्या गड्याचं नाव सांगा. नाही आठवत? मग असं आहे, बाळासो. एक तर तुमच्या गुऱ्हाळावर पाहुण्याची अशी आबाळ होते, की त्याला कोणी गाव विचारत नाही, बसा म्हणत नाही, तहानलेला माणूस स्वतः चरकापर्यंत जातो आणि हात घालवून बसतो. नाहीतर हा पाहुणा नव्हता. दोन्हीतलं कोणतं लिहून घेऊ?"

बाळासो टोपीपासून मानेपर्यंत लाल झाला. पैशाचं काही बोलली असती तर त्यानं शांतपणे उडवून लावलं असतं. ही बाई त्याच्या बापाच्या रितीला हात घालत होती. आणि भरल्या कोर्टात, चार गावची माणसं मागं बसलेली असताना.

"आमच्यात पावण्याची आबाळ?" तो ओरडला. "आजवर आसं कुणी बोललं न्हाय आमास्नी! त्यो पावणा आसता तर त्येचा हात गेलाच नसता की!"

बाळासोच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. साहेब स्टेनोकडं वळून म्हणाले, "शब्दशः घ्या. जसंच्या तसं."

मी मागं बघितलं. भाऊसो ताठ बसले होते आणि त्यांचा डावा हात त्यांच्या वरच्या बटणावर होता.

निकाल पुढच्या वर्षी लागला. त्या दिवशी भाऊसोंबरोबर आक्काताईही कोर्टात आल्या होत्या. शिवानंद कामगार ठरला, पूर्ण भरपाई व्याजासकट मंजूर झाली. मल्लव्वाला निकालातलं कोर्टी मराठी नीट कळेना, मग मी तिला सोप्या शब्दांत सांगितलं. तिनं कोर्टाच्या पायरीवरच नवऱ्याच्या पाठीत एक दणका घातला आणि कानडीत काहीतरी बोलली. काय म्हणाली, मी विचारलं. शिवानंद हसला. "म्हणतीया, आता घालव की माहेरी, बघू." त्या दिवशी त्यानं शर्ट घातला होता. सगळी बटणं लावलेली.

दीक्षाचे हात हातात घ्यायला रांग लागली. बाहेर एका चहावाल्यानं सगळ्यांना चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. मल्लव्वानं पदराखालनं गावाकडच्या गुळाचा खडा काढला आणि एकेकाच्या हातावर ठेवत निघाली. भाऊसोंपुढं आली तशी मी आणि दीक्षा एकमेकांकडं बघायला लागलो. भाऊसोंनी तो तुकडा तोंडात टाकला. चघळत राहिले, बराच वेळ. मग चालत माझ्या टेबलापाशी आले आणि समोरच्या स्टुलावर बसले.

"जावईबापू, माझा बी एक जबाब टाइप करा."

"कसला, मामा?"

"सत्यप्रतिज्ञेचा. कागद चांगला घाला."

आक्काताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दीक्षा कोट हातावर घेऊन मागं. मी कागद चढवला आणि नेहमीचा मायना सुरू केला. मी, खाली सही करणार, भाऊसो जोतीराम शिंगे, वय वर्षे एकसष्ट, राहणार उचगाव. मधे धंद्याची जागा असते. रेशनकार्डावर, मतदारयादीत, लेकीच्या कॉलेजच्या अर्जावर, सगळीकडं त्या जागी त्यांनी 'काही नाही' असं लिहिलं होतं. मी बोटं वर धरून थांबलो.

"धंदा?" मी विचारलं.

"गुऱ्हाळात चरकावर ऊस घालणं," ते म्हणाले. आवाज मोठा, शेजारच्या तीन टेबलांनी माना वळवल्या. "फुडं घ्या. एक्क्याऐंशी साली माझा हात कामावर आसताना गेला. मी पावणा नव्हतो. आदी दिलेला जबाब खोटा हुता, तो मी आज माघारी घेतो."

मी टाइप केलं. एकही चूक झाली नाही. नोटरीनं कागद हातात घेऊन विचारलं, "कुठं दाखल करायचंय, मामा? प्रकरण एक्क्याऐंशी सालचं, मुदत तर कधीच संपली."

"कुठंबी न्हाय. घरात लावायचंय. तुमी गोल शिक्का मारा."

नोटरीनं शिक्का मारला. कागद वाऱ्यानं उडत होता, आक्काताईंनी तो टेबलावर तळहातानं दाबून धरला आणि भाऊसोंनी डाव्या हातानं, एकेक अक्षर सुटं काढत, सही केली.